नदीत वर आलेलं बेट कुणाचं? चराच्या जमिनीची गोष्ट



बांध वितभर सरकला तर आपल्याकडं भावाभावात बोलणं बंद होतं आणि कोर्टाच्या तारखा सुरू होतात. आता असं धरा की बांध राहू द्या, अख्खं शेतच नदीनं नेलं. गट नंबर कागदावर आहे, पण जागेवर वीस फूट पाणी. दहा-बारा वर्षांनी नदी बाजूला सरकली आणि त्याच ठिकाणी, नदीच्या मधोमध, गाळाचं बेट वर आलं. ते कुणाचं? जुन्या मालकाचं? पलीकडच्या काठावरच्या माणसाचं? सरकारचं? का पहिला नांगर घालील त्याचं?

आपल्याला हा प्रश्न पुस्तकी वाटेल. ब्रह्मपुत्रा, गंगा, पद्मा या नद्यांच्या काठी तो पिढ्यान्‌पिढ्या रोजचा आहे. अशा बेटाला तिकडं चर म्हणतात, आसामात चापोरी. लाखो शेतकरी कुटुंबं चरावर राहतात आणि चरावरच पिकवतात. आज या चराच्या जमिनीचा इतिहास लिहितोय. त्यात मातीही आहे आणि कायदाही. शेतकऱ्याला दोन्हीशिवाय गत्यंतर नाही.

बेट तयार कसं होतं

नदीतली बेटं दोन तऱ्हेची. एक खडकाचं. पाणी दोन्ही बाजूनं जातं, बेट जागचं हलत नाही. दुसरं गाळाचं. हे नदीच आणते आणि नदीच नेते.

ब्रह्मपुत्रा तिबेटातून येते, हिमालय कापून आसामात उतरते. डोंगरात पाण्याला ओढ असते, त्यामुळं दगड, वाळू, माती सगळं वाहत येतं. सपाटीला आल्यावर ओढ कमी होते आणि ओझं खाली पडायला लागतं. आधी जाड वाळू, मग बारीक वाळू, शेवटी पोयटा. एका पात्रात मावत नाही म्हणून नदी दहा धारांत फुटते. या धारा वेणीच्या पेडांसारख्या एकमेकींत मिसळतात, परत सुटतात. दोन पेडांच्या मधे जे उरतं तो चर. बांगलादेशात या नदीला जमुना म्हणतात आणि पावसाळ्यात तिचं पात्र काही ठिकाणी १० किलोमीटरपेक्षा जास्त रुंद होतं. आपल्याकडं एवढ्या अंतरात चार-पाच गावं बसतात.

नवा चर म्हणजे निव्वळ वाळू. त्यात ओल टिकत नाही, सेंद्रिय कर्ब जवळजवळ नाही. तिथं पहिलं उगवतं ते काश नावाचं उंच गवत. शरद ऋतूत त्याला पांढरे तुरे येतात. पुढच्या पुरात हे गवत पाण्याचा वेग मोडतं, आणि वेग मोडला की एरवी पुढं निघून गेला असता तो बारीक पोयटा तिथंच बसतो. दरवर्षी एक थर. चांगली चार-सहा वर्षं मिळाली तर वाळूवर पिकाजोगी माती तयार होते. चरावरचे लोक हे जाणतात आणि मुद्दाम काश लावतात. छपराला, भिंतींना, जनावरांना तेच कामाला येतं.

ऊसवाल्यांनी इथं जरा थांबावं. हे काश उसाच्याच कुळातलं रानटी गवत आहे. कोइमतूरची ऊस पैदास संस्था १९१२ साली सुरू झाली. तिथं सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरमण यांनी जाड, गोड उसाचा या गवताशी संकर केला. त्यातून को २०५ ही जात निघाली आणि १९१८ मध्ये लागवडीला आली. पुढच्या कित्येक को जातींत या रानटी रक्ताचा अंश आहे. उसाचा काटकपणा, फुटवा, खोडवा धरायची ताकद यात या गवताचा मोठा वाटा आहे. नदीच्या वाळूत तग धरणारं गवत आपल्या फडात असं येऊन बसलंय.

चरावरची पिकं

सुरुवातीच्या वाळूवर भुईमूग, रताळी, राळा. थोडा पोयटा बसला की पूर ओसरल्यावर ओलीवर उडीद आणि मोहरी. पुढं मिरची, मका, आणि जमीन जड झाली की भात. म्हणजे पीक बघूनच चराचं वय सांगता येतं.

उत्तर बांगलादेशात गेल्या वीस वर्षांत आणखी एक पद्धत पसरली. पूर गेल्यावर उघड्या पडलेल्या वाळूत खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत-कंपोस्ट भरायचं आणि भोपळा लावायचा. सगळं रान सुधारायच्या भानगडीत पडायचं नाही, फक्त खड्ड्यापुरती माती करायची. भोपळा घरात काही महिने टिकतो, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात हाताला काम नसतं तेव्हा खायला आणि विकायला होतो. आपल्याकडं नद्यांच्या वाळूत कलिंगड-खरबुजाच्या वाड्या, काही भागात ज्याला डांगरवाडी म्हणतात, त्या याच जातीच्या. फरक एवढाच की आपल्या नद्यांतली वाळूच आता शिल्लक राहिली नाही.

मालकी: रोमपासून बंगालपर्यंत

हा प्रश्न बंगालात जन्मला नाही. सम्राट जस्टिनियननं इसवी सन ५३३ मध्ये रोमन कायद्याचं पाठ्यपुस्तक करून घेतलं. त्यातही नदीतल्या बेटाचा नियम आहे. बेट बरोबर मधोमध आलं तर दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांत, ज्याच्या त्याच्या काठाच्या लांबीप्रमाणं वाटायचं. एका काठाला जवळ असेल तर त्या काठवाल्यांचं. आणि नदीनं दुसरी वाट काढून तुमच्या शेतालाच वेढा घातला, त्याचं बेट केलं, तर शेत तुमचंच राहतं.

वाचायला सोपं आहे. पण नदी वळणात असेल तर मध्य कुठला धरायचा? इटलीतला कायदेपंडित बार्तोलुस यानं १३५५ साली खास यावर ग्रंथ लिहिला. टायबर नदीच्या काठी बसून त्यानं भूमितीच्या आकृत्या काढल्या आणि बेटाच्या वाटण्या कशा करायच्या ते दाखवलं. आजच्या मोजणी खात्याचा हा जुना पूर्वजच म्हणायचा.

आता बंगालात येऊ. १७९३ मध्ये कॉर्नवॉलिसनं कायमधारा पद्धत आणली. जमीनदारानं सरकारला द्यायचा सारा कायमचा ठरला. कागदावर जमीन पक्की झाली, पण नदीला ते मान्य नव्हतं. १७८७ मध्ये तिस्तेला मोठा पूर आला होता. त्यानंतरच्या काही दशकांत ब्रह्मपुत्रेनं मैमनसिंगकडचं जुनं पात्र सोडलं आणि पश्चिमेला जमुनेच्या वाटेनं ती वाहू लागली. जेम्स रेनेलनं १७६० च्या दशकात मोजणी सुरू करून बंगालचे नकाशे केले. त्या नकाशातली ब्रह्मपुत्रा आणि आजची ब्रह्मपुत्रा यांच्या वाटाच वेगळ्या आहेत. पद्मेच्या एका फाट्याला तर लोकांनी कीर्तिनाशा हे नाव दिलं. राजनगरला राजा राजवल्लभानं बांधलेल्या मोठमोठ्या इमारती तिनं गिळल्या, म्हणून कीर्ती नाश करणारी ती कीर्तिनाशा.

अशा मुलखात सारा कायमचा, पण जमीन फिरती. ज्याची गेली तो म्हणायचा, सारा कमी करा. ज्याच्या काठाला नवी जमीन लागली तो गप्प बसायचा. कंपनी सरकारनं १८१९ च्या दुसऱ्या रेग्युलेशननं जाहीर केलं की बंदोबस्तानंतर निघालेल्या चरांवर सारा लागेल. पण मालक कोण, हे ठरायचं बाकी होतं. ते १८२५ च्या अकराव्या रेग्युलेशननं ठरवलं. शेतकऱ्याच्या भाषेत त्याचा गाभा असा:

१. त्या भागात आधीपासून पक्की वहिवाट असेल तर ती चालेल.

२. गाळ हळूहळू साठून काठाला जमीन जोडली गेली, तर ती काठवाल्याची. वाढीव जमिनीवर सारा मात्र भरावा लागेल.

३. नदीनं एकदम वाट बदलली आणि तुमची जमीन ओळखता येईल अशी तुटून पलीकडं गेली, तर ती तुमचीच.

४. मोठ्या, नावा चालणाऱ्या नदीत बेट वर आलं आणि बेट व काठ यांच्यामधल्या धारेला उतार नसेल, म्हणजे पायी ओलांडता येत नसेल, तर ते सरकारचं. वर्षातल्या कुठल्याही ऋतूत उतार मिळत असेल तर ते लगतच्या काठवाल्याचं.

५. लहान नदीचं पात्रच खासगी मालकीचं असेल, तर त्यातलं बेट पात्राच्या मालकाचं.

चौथा नियम परत वाचा. मालकी कशावर ठरली? उन्हाळ्यात गुडघाभर पाणी आहे का गळ्याएवढं, यावर. बेट तेच, माती तीच, कसणारा तोच. यंदा धारेला उतार असला तर जमीनदाराचं, पाणी खोल राहिलं तर सरकारचं. आणि धार दरवर्षी बदलते. त्यामुळं वकिलांची सोय झाली आणि लाठीवाल्यांचीही.

चर दिसायला लागला की दोन्हीकडचे जमीनदार आपापली माणसं उतरवायचे. त्यांना लाठियाल म्हणत. झोपड्या टाकायच्या, काही तरी पेरायचं, ताबा दाखवायचा. दुसऱ्यानं येऊन ते उपटायचं. डोकी फुटायची ती लाठी धरणाऱ्या गरीब कुळांची आणि सारा वसूल व्हायचा कचेरीत बसलेल्याच्या नावानं. बंगालीत म्हण आहे, जोर जार मुलुक तार. आपण म्हणतो, बळी तो कान पिळी.

१८४७ च्या नवव्या कायद्यानं आणखी एक गोष्ट आणली. नदीकाठची नवी मोजणी दहा-दहा वर्षांच्या अंतरानं करायची, गेलेल्या जमिनीचा सारा कमी करायचा, नव्या जमिनीवर लावायचा. सरकारच्या हिशोबाला ते बरं होतं. पण दहा वर्षांत चर येऊन जातोसुद्धा.

१८७० चा निकाल

आता मूळ प्रश्न. बुडालेली जमीन त्याच जागी परत वर आली तर कुणाची? फेलिक्स लोपेझ विरुद्ध मदनमोहन ठाकूर हा खटला यावर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. एकाची जमीन नदीनं नेली आणि नंतर ती वर आली. शेजारचा म्हणाला, माझ्या काठाला गाळ साचून ही जमीन लागली आहे, १८२५ च्या नियमानं माझी. १८७० मध्ये निकाल लागला. जुन्या जागेवरच जमीन परत तयार झाली आणि ती जागा ओळखता येत असेल, तर ती नवी मिळालेली जमीन नव्हेच. पाणी वरून गेलं म्हणून मालकी जात नाही. ती जुन्या मालकाचीच.

निकाल न्यायाचा वाटतो, आणि आहेच. पण त्यात एक अट आहे: जागा ओळखता आली पाहिजे. झाड नाही, बांध नाही, दगड नाही, सगळी सपाट वाळू. ओळखायचं कशावरून? नकाशावरून. आणि नकाशा कुणाकडं? जमीनदाराकडं. चार पिढ्या कसणाऱ्या कुळाकडं काहीच नाही. म्हणजे निकालानं मालक वाचला, कसणारा वाचलाच असं नाही.

या मुलखात दोन शब्द चालतात. नदीनं तोडलेली जमीन शिकस्ती, परत वर आलेली पयस्ती. दोन्ही फारसीतून आलेले. शिकस्त म्हणजे मोडलेलं. आपल्याकडं मोडकळीला आलेल्या शाळेच्या खोल्यांना सरकारी कागदात शिकस्त इमारत म्हणतात, तोच शब्द. तिकडं जमीनच शिकस्त होते.

१९७२ आणि १९९४

बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर १९७२ मध्ये राष्ट्रपतींच्या १३५ क्रमांकाच्या आदेशानं हे सगळं उलटं केलं. नदीत गेलेली जमीन परत वर आली तर ती सरकारची. जुन्या मालकाचा हक्क संपला. विचार असा होता की अशी जमीन भूमिहीनांना वाटता येईल आणि लाठीचं राज्य संपेल. विचार वाईट नव्हता. पण दोन एकरवाल्याचं काय? त्याची जमीन नदीनं नेली, तो बांधावर झोपडी टाकून वाट बघतोय, दहा वर्षांनी जमीन वर आली तर सांगतात, ही आता तुझी नाही. आणि वाटपाच्या यादीत नाव घालायला ज्याचा वशिला त्याचंच नाव आधी, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

१९९४ मध्ये परत बदल झाला. ३० वर्षांच्या आत त्याच जागी जमीन वर आली तर जुन्या मालकाचा किंवा वारसाचा हक्क राहील, त्यानंतर सरकारची. तीस वर्षं म्हणजे एक पिढी. बाप बेटाची वाट बघत म्हातारा होतो आणि जमीन पोराच्या नावावर वर येते.

मला विचाराल तर दोन्ही कायद्यांत अर्धं-अर्धं खरं आहे. १९७२ च्या कायद्यानं भूमिहीन बघितला आणि लहान मालक विसरला. १९९४ च्या कायद्यानं मालक बघितला, पण मधल्या काळात वाळूत काश लावून, पोयटा अडवून जमीन तयार करणारा माणूस विसरला. वाळूची माती करायला त्याची चार-सहा वर्षं गेलेली असतात. त्या मेहनतीचा हिशोब कुठल्याच कायद्यानं नीट केलेला दिसत नाही.

माजुली

आता आसामात माजुलीला जाऊ. ब्रह्मपुत्रेतलं हे बेट साध्या चरासारखं चार दिवसांचं नाही. पूर्वी ब्रह्मपुत्रा आणि बुढीदिहिंग या दोन नद्या शेजारून वाहायच्या आणि मधे लांबट पट्टा होता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडं बरेच भूकंप झाले. मग १७५० मध्ये पंधरा दिवस टिकलेला मोठा पूर आला, ब्रह्मपुत्रेची एक धार बुढीदिहिंगच्या पात्रात शिरली आणि मधला पट्टा बेट झाला. शंकरदेव आणि माधवदेव यांची पहिली भेट याच भूमीत झाली असं मानतात. त्यांच्या वैष्णव पंथाचे मठ, म्हणजे सत्रं, इथं आहेत. मिसिंग समाजाची बांबूच्या खांबांवर उचललेली घरं आहेत. पुराच्या पाण्याबरोबर ताट वाढत जाणारा बाओ भात इथं पिकतो. मार्च-एप्रिलला पेरायचा, पावसाळाभर पाण्यात उभा, नोव्हेंबर-डिसेंबरला कापायचा.

१५ ऑगस्ट १९५० ला आसाममध्ये ८.६ क्षमतेचा भूकंप झाला. डोंगर ढासळले, दरडींची माती नद्यांत आली. दिब्रुगडजवळ ब्रह्मपुत्रेचा तळ सुमारे ३ मीटर उंचावला. तळ वर आला की पाणी आडवं पसरतं आणि काठ कापतं. विसाव्या शतकात माजुलीची निम्म्याहून जास्त जमीन नदीत गेली. बऱ्याच सत्रांना बेट सोडून जावं लागलं. २०१६ मध्ये माजुलीला जिल्ह्याचा दर्जा मिळाला, देशातला पहिला नदीबेटाचा जिल्हा. त्याच वर्षी जगातलं सर्वांत मोठं नदीबेट म्हणून गिनेस बुकात नोंद झाली. मानाची गोष्ट आहे, पण धूप त्यानं थांबत नाही.

बांध घातले, काँक्रीटच्या साळिंदरासारख्या जाळ्या पात्रात टाकल्या, वाळू भरलेल्या मोठ्या पिशव्या रचल्या. कुठं उपयोग झाला, कुठं नदीनं बाजूनं वाट काढली. बांधाचा दुसरा परिणाम शेतकऱ्यांनी ध्यानात घ्यावा. साधा पूर पोयटा आणतो, मासे आणतो. बांध त्याला अडवतो. पण बांध फुटला की पाणी वेगानं घुसतं आणि पोयट्याऐवजी वाळू टाकून जातं. भाताच्या रानावर हातभर वाळू आली की ते रान कित्येक वर्षं भाताचं राहत नाही.

जोरहाटजवळ कोकिलामुखच्या वाळूवर जादव पायेंग यांनी १९७९ पासून बांबू आणि झाडं लावायला सुरुवात केली. आज तिथं शेकडो हेक्टर जंगल आहे, हत्ती येतात. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काश गवत जे काम करतं तेच त्यांनी मोठ्या प्रमाणावर केलं: मुळांनी वाळू धरली.

आपल्यासाठी यात काय

आपल्या नद्या ब्रह्मपुत्रेएवढ्या नाहीत, पण गोष्ट अगदीच परकी नाही. कृष्णाकाठची मळीची जमीन म्हणजे नदीनं दिलेला पोयटाच, तिथल्या वांग्याची चव त्यातलीच. आणि २००५, २०१९, २०२१ च्या पुरांत काठच्या कित्येक जमिनी खरवडून गेल्या, हे आपण डोळ्यांनी बघितलंय. आपल्या जमीन महसूल संहितेतसुद्धा मळईच्या आणि वाहून गेलेल्या जमिनीसाठी कलमं आहेत. ज्याचं रान नदीकाठी आहे त्यानं तीन गोष्टी कराव्यात.

एक, मोजणी करून घ्या आणि नकाशा जपा. खुणा फक्त काठावर ठेवू नका, काठ गेला तर खूणही जाते. नदीपासून लांब, न हलणाऱ्या ठिकाणापासून अंतरं घेऊन ठेवा, मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश आणि फोटो ठेवा. १८७० चा निकाल शेवटी ओळखीवरच लागला होता.

दोन, पुरानंतर घाईनं नांगर घालू नका. आधी वर काय बसलंय ते हातात घेऊन बघा. पोयटा असेल तर मिसळा, ती फुकटची भरणी आहे. जाड वाळूचा थर असेल तर तो काढायचा का, का पहिली एक-दोन वर्षं भुईमूग, रताळं, वेलवर्गीय पिकं घ्यायची, हे थराची जाडी बघून आणि माती तपासून ठरवा.

तीन, काठ उघडा ठेवू नका. वाळा, बांबू, करंज, जे तुमच्या भागात टिकतं ते लावा. शेवटच्या फुटापर्यंत ऊस नेऊन चार सऱ्या जास्त मिळतात, पण पुरात त्या चार सऱ्यांबरोबर आतल्या चाळीस जातात.

चरावरच्या घरांच्या भिंती काशाच्या किंवा तागाच्या काड्यांच्या आणि छप्पर पत्र्याचं असतं. काठ तुटायला लागला की माणसं घर सोडवतात, नावेत घालतात आणि दुसऱ्या चरावर उभं करतात. काही कुटुंबांनी आयुष्यात आठ-दहा वेळा हे केलेलं असतं. तरी पूर ओसरला की पहिली पेर करायला तेच उतरतात.

तुमच्या भागात नदीनं जमीन नेल्याची किंवा मळई वर आल्याची गोष्ट असेल, आणि ती शेवटी कुणाच्या नावावर लागली हे माहीत असेल, तर नावं न घेता खाली लिहा. कृषी सहायक आणि मोजणीतल्या मंडळींनीही लिहावं, सगळ्यांच्या उपयोगाला येईल.